नानांनी न गिळलेलं पाणी

लघुपट संपून हॉलमध्ये टाळ्या पडल्या, की नाना हात मांडीवर तसेच ठेवून विचारत, ‘ह्यातनं कापलं काय?’ ही खोड त्यांना माझ्यामुळे लागली.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, गिरीज गावचे, केळीची वाडी असलेले. रोज सकाळी विहिरीचं पाणी तोंडात घोळवायचे आणि पचकन थुंकायचे. खारट लागलं तर त्या दिवशी केळींना पाणी नाही. आधी उन्हाळ्यापुरतं खारट व्हायचं, पुढे दिवाळीपासूनच व्हायला लागलं. त्यांच्यावर आम्ही माहितीपट करायचं ठरवलं, त्याला ते तयार झाले ते एवढ्यासाठीच. ‘पानी खारं झालंय, तेवढं दाखव पोरी. बाकी काय पन कर.’ मी दाखवते म्हणाले.

बाकी आम्ही काय पण केलंच. पंप असताना त्यांना दोरीने पाणी शेंदायला लावलं, तेही चार वेळा, कारण ऊन मनासारखं पडत नव्हतं. बोलणं ठेवायचंच नव्हतं, दिग्दर्शकाला माहितीपट मूक हवा होता. संकलन माझं. पाणी तोंडात घेतलेलं ठेवलं, थुंकणं कापलं. दिग्दर्शकाला ते किळसवाणं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. पडद्यावर नाना पाणी तोंडात घेतात आणि लगेच समाधानाने हसतात. ते हसू चहाच्या वेळचं होतं.

विरारला तो दाखवला तेव्हा नाना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘मी ते पानी गिळलं कधी गं?’

वाटलं, आता माझं तोंड बघणार नाहीत. उलट दर रविवारी माझ्याबरोबर लघुपट बघायला येऊ लागले. मिठागरावरचा एक लघुपट सगळा संध्याकाळच्या सोनेरी उजेडातला होता. ‘दुपारी कोनी काम करत नाय काय तिथं?’ एकात एकटा म्हातारा खिडकीशी बसलेला, मागे व्हायोलिन. ‘तो बाजा बंद केला तर म्हातारा रडतोय का झोपलाय, कळनार नाय.’ लोक वळून बघत. मला लाज वाटे, आणि त्यांची नव्हे.

परवा एकटीने चार लघुपट पाहिले. चारही देखणे. कापलेलं शोधत बसले, त्यामुळे एकही धड आठवत नाही.

नानांच्या तेराव्याला मुलांनी अंगणात आमचाच माहितीपट लावला होता. जेवणाला पाणी टँकरचं. पडद्यावर नाना हसले तशी एक पाहुणी म्हणाली, ‘काय गोड पाणी असेल नाही यांच्या विहिरीचं.’

नानांच्या पत्नी, काकी, उठून माझ्याजवळ आल्या. ‘त्यांचं थुंकनं तुझ्याकडं ठेवलेलं हाय ना गं? एकदा लाव. कळू दे सगळ्यांना.’

मी म्हणाले, घरी आहे, आणते.

हार्ड डिस्कवर जागा हवी होती म्हणून ते मी, माहितीपट पूर्ण झाला त्याच आठवड्यात, पुसून टाकलं होतं.