गीझरवर ठोकलेले बूच

त्या हिवाळ्यात आम्ही आखातात, अल् घुब्रातल्या एका इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर राहत होतो. गच्चीवरची टाकी जेमतेम डोक्यावर, त्यामुळे गीझरच्या पाण्याला जोर नव्हता. बादलीतले पाणी मला स्नानास चालत नसे. वाहत्या धारेखाली उभे राहिल्यावाचून संध्येला बसायचे नाही, हा माझा नेम. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या बापाचा नेम मोडा, असे मुलगा कोणत्या तोंडाने सांगणार?

इमारतीचा प्लंबर रत्नागिरीकडचा, मुसलमान, चाळिशीतला. माझा नेम ऐकून तो हसला. "काका, टाकीतलंच पाणी हे. त्यातलं वाहतं कुठलं नि साठलेलं कुठलं?" मग त्याने शांतपणे समजावले. पंप बसवायचा तो गच्चीवर, टाकीच्या तोंडाशी, आणि मालकाच्या लेखी परवानगीनेच. भाडेकरूने नळांना हात लावायचा नाही, असे करारातच आहे. दाब वाढला की गीझरची सेफ्टी झडप ठिबकते. ते ठिबकणे कधीही बंद करू नये, नाहीतर गीझर फुटतो. परवानगीला दोन आठवडे लागतील, असे तो म्हणाला.

तेवढा धीर मुलाला नव्हता, असे मी पुष्कळ दिवस स्वतःस सांगितले. खरे म्हणजे मला नव्हता. रोज सकाळी मी न्हाणीघरातून चेहरा पाडून बाहेर येत असे. अखेर मुलाने बाजारातून कुणी परका माणूस आणला. त्याने न्हाणीघरातच पंप जोडला आणि झडप ठिबकू लागताच तिच्या तोंडात बूच ठोकले. मी दारात उभा होतो. प्लंबरचा शब्द न् शब्द मला आठवत होता. दुसऱ्या सकाळी मात्र ऊन पाण्याची धार खांद्यांवर अशी कोसळली, की मी मौन पत्करले.

आठवड्याभरात गीझर फाटला. पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून उतरले. कोणी भाजले नाही, ही ईश्वराची कृपा. घरमालक, ज्याला सारे अर्बाब म्हणत, प्लंबरला घेऊन वर आला. हे बूच कोणी ठोकले, असे त्याने हिंदीत विचारले. घर जाईल या धास्तीने मुलाने प्लंबरकडे बोट दाखवले.

प्लंबर त्याच्याशी भांडला नाही. तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला ठाऊक आहे. अर्बाब तुमचं ऐकेल. एक शब्द सांगा."

अर्बाब माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखून थांबला होता.

"मला यातले काही कळत नाही," मी म्हणालो.

"असू दे, काका," एवढेच बोलून प्लंबरने हत्यारांची पिशवी उचलली. महिनाअखेर त्याला गावी परत धाडण्यात आले. पंप पुढे गच्चीवर बसला, रीतसर परवानगीने, त्याने सांगितला होता तसाच.

त्या दिवशी दार लावून घेतल्यावर मुलगा माझ्या पाया पडला. "बाबा, तुम्ही वाचवलंत आम्हाला," तो म्हणाला. त्याच्या मस्तकावर हात ठेवून मी नित्याचा आशीर्वाद दिला. इतका अपमान माझा आयुष्यात कोणी केला नव्हता.