आडनाव न विचारता ओळख

अनोळखी माणसं एका खोलीत बसवली की किस्से साचतात, कूलरच्या टाकीत डास साचतात तसे! धरमपेठेतल्या आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये मी नवीन क्लार्कांना शिकवायचो, ते दिवस सत्तरच्या दशकातले. साहेब पुण्याहून परिचयाचे खेळ शिकून आले आणि ते खेळवायची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

पहिला खेळ चेंडूचा. झेलेल त्यानं नाव सांगायचं. शिपायाचे क्लार्क झालेले बाबाराव भडकले. "दोन नातवांचा आजा आहो मी! हा काय पोरखेळ लावून राहिले?"

दुसऱ्या दिवशी चेंडू गायब!

"नातवाले आवडला ना सर," बाबाराव म्हणाले.

*

आडनाव विचारायचं नाही, हा नियम माझा. आपल्याकडे आडनाव कळलं की माणसं पुढचं सगळं स्वतःच ठरवतात. वर्गात सुशीला नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांनी छप्पन साली इथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. ती तोंडच उघडत नव्हती.

बाबारावांनी नियमातून वाट काढलीच. "आडनाव नाही इचारत वं बाई. तुह्या घरी गणपती किती दिवसांचा असते, तेवढं सांग!"

सुशीला खिडकीबाहेर बघत राहिली. शनिवारी साहेबांसमोर जो बोलणार नाही, त्याची रवानगी थेट रेकॉर्ड रूममध्ये होणार होती. तिला तर लोकांसमोरचा काउंटरच हवा होता. माझा जीव टांगणीला!

*

मग शेजाऱ्याची ओळख करून द्यायचा खेळ. प्रभाकर नलिनीबद्दल सांगू लागला, "स्वभाव शांत, स्वयंपाक उत्तम, मामा वर्ध्याले मास्तर..."

"अरे, ओळख करून देऊन राहिला का स्थळ सांगून राहिला?" मागून कोणीतरी ओरडलं.

पुढच्या वैशाखात आम्ही दोघांच्या लग्नाला जेवून आलो!

*

शुक्रवारी, आपल्यासारखीच आवड असणारा जोडीदार शोधा, असं सांगून मी साहेबांकडे गेलो. परत येतो तर वर्ग जवळपास रिकामा! सगळे कोपऱ्यावरच्या ठेल्यावर.

"काहून गा, इथं काय करता?"

"तर्री-पोहे आवडणारा शोधाचा होता सर. तो इथंच सापडते ना!"

सुशीला तेवढी वर्गात एकटी बसून होती. माझी पोह्यांवरची वासनाच उडाली.

*

शनिवार. मे महिना, अंगाची लाही. साहेब पुढच्या बाकावर. प्रत्येकानं दोन वाक्यं सांगायची, एक खरं, एक खोटं. खोटं बाकीच्यांनी ओळखायचं.

सुशीला उठली. 

"एक, मले दिवसभर तहान लागत नाही. दोन, मी इथल्या माठातलं पाणी पेते. सांगा, खोटं काय?"

"पहिलं!" प्रभाकर ओरडला.

"बरोबर."

"दुसरंही," नलिनी हळूच म्हणाली.

साहेब वैतागले. "अहो बाई, नियमानं एक तरी खरं पाहिजे!"

"मंग करा ना साहेब, एक खरं!"

माठ बाबारावांच्या ताब्यात असायचा. येईल त्याला ते ओगराळ्यानं वरून ओतून देत, माठाला हात कोणाला लावू देत नसत. ते उठले, गिलास भरला आणि तिच्यासमोर धरला. "घे वं."

"भरून नका देऊ काकाजी. मी माह्या हातानं घेते."

बाबारावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. शेवटी बाबाराव माठापासून बाजूला झाले.

सुशीलानं ओगराळं माठात बुडवलं, पाणी घेतलं आणि ती घटाघटा प्यायली. मग दुसरा गिलास अर्धा भरला आणि बाबारावांपुढे धरला. 

बाबारावांनी गिलासाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला.

"अर्धाच काहून भरला वं?"