वहिनीचं गाणं दणाणलं

व्यायामवर्ग वहिनीच्या नणंदेचा, त्यामुळे तिथल्या सगळ्याच बायका तिला वहिनीच म्हणत. दिवसभर ती दवाखान्यात लोकांचे कान तपासायची आणि घरी आली की कपाटाशेजारच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर गाणी करायची. वर्गाच्या कार्यक्रमासाठी तिने पहिल्यांदाच स्वतःचं गाणं दिलं. चाल तिची, आवाज नणंदेचा.

तालमीत बाकीची गाणी धडाधड वाजली. हिचं लागलं आणि हॉलमधली जानच गेली.

"वहिनी, जरा आवाज वाढव ना!"

तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं, तर स्पीकर नुसता फुरफुरला. वहिनीचं तोंड एवढंसं झालं.

घरी येऊन तिने ड्रम वाढवला. त्यात गिटार दबली, म्हणून गिटार वाढवली. मग नणंदेचा आवाजच ऐकू येईना, म्हणून तोही वाढवला. शेवटी सगळ्याचा पार लगदा झाला.

वैतागून ती एकेक वाद्य वेगळं ऐकायला बसली. एकट्या गिटारच्या तळाशी बारीक घरघर निघाली. नणंदेच्या आवाजाखालीही तसलीच. एरवी कानाला जाणवत नव्हती, पण ऐसपैस जागा अडवून बसली होती! वहिनीने ती छाटून टाकली. ड्रमचा ठोका पडेल तेवढ्यापुरता बास गिटारचा खर्ज खाली घेतला. नणंद मधेच कुजबुजायची, मधेच किंचाळायची. ते चढउतार सारखे केले. मग सगळं गाणं एकदम वर उचललं. आता आवाज कुठेच फाटेना!

"बाबा, लवकर या!"

सासरे हातातला पेपर घेऊनच आले. ध्रुवपद सुरू झालं तशी खिडकीची काच थरथरली.

"अगं, केवढ्याने लावलंयस!"

"बटण मघाशी होतं तिथंच आहे, बाबा!"

त्यांनी वाकून बटण पाहिलं. "परत लाव," म्हणाले.

कार्यक्रमात साउंडवाला आवाज वाढवायच्या तयारीतच उभा होता. पहिला ठोका पडला आणि त्याने हात मागे घेतला. मागच्या रांगेत पाय ओढत नाचणाऱ्या बायकाही उड्या मारायला लागल्या. गाणं संपताच नणंद मंचावरून धावतच खाली आली.

"वहिनी, ही मी गातेय? मी?"

"तूच गं, बये!"

लोक "पुन्हा, पुन्हा" ओरडत होते. साउंडवाल्याने गाणं पुन्हा लावलं आणि या खेपेला नणंदेने वहिनीलाच हाताला धरून मंचावर ओढलं. तिला एकही स्टेप येत नव्हती. ती मनाला येईल तशी नाचली.