आवाजाचा रकाना

ठोकेबाईंचं खरं नाव फक्त हजेरीच्या कागदावर उरलं होतं. कारखान्यात बसगाड्यांचे ब्रेक ड्रम ओतले जात. भट्टीतून निघालेला ड्रम गार झाला, घासूनपुसून साफ झाला, की साखळीने आकड्याला टांगून बाईंसमोर आणला जाई. बाई लहान हातोडीने त्याला एक ठोका देत, डोळे मिटून ऐकत, आणि वहीतल्या ‘आवाज’ या रकान्यात एकच शब्द लिहीत. खणखणीत, नाहीतर बद्द. खणखणीत निघाला तो गाडीला लागणार, बद्द निघाला तो परत भट्टीत जाणार. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि सव्वीस वर्षांत बाईंचा एकही शब्द कुणी खोडला नव्हता.

हे काम आधी त्यांच्या सासऱ्यांचं होतं. म्हाताऱ्याचे कान थकायला लागले तेव्हा त्याने घरातल्या चौघांना बसवून पाहिलं आणि थोरल्या सुनेला निवडलं. मुलगे फुगून बसले, पण म्हातारा कुणाला भीक घालणाऱ्यातला नव्हता. पहिला धडा स्वयंपाकघरातच झाला. एक धड पातेलं, एक तडा गेलेलं, दोन्ही दोरीला टांगलेली.

“सूनबाई, आवाज किती मोठा आला ते सोडून दे,” तो म्हणाला. “तो किती वेळ मागे राहतो ते बघ. तडा गेलेलं भांडं बोंबलतं जोरात, पण लगेच त्याची बोबडी वळते. धड असतं ते खण्ण करतं आणि त्या ‘ण’ला धरून राहतं. तो ‘ण’ बोटांवर मोजायचा.”

आणि मग तो ‘खणखणीत’ या शब्दाची कूळकथा सांगे. म्हणे, हा शब्द कुणा पंडिताच्या डोक्यातून निघालेला नाही. ज्याने पहिल्यांदा धातूवर ठोका मारला, त्याला तो धातूनेच सांगितला. पुढे लोकांनी उचलला आणि नाण्याला लावला, गळ्याला लावला, आजारातून उठलेल्या माणसाला लावला, तोंडावर दिलेल्या उत्तराला लावला. सगळीकडे अर्थ तोच राहिला. आत कुठे चीर नाही.

तर अशा या कामावर नवे साहेब येऊन बसले. वय तिशीच्या आत, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात छापील तक्ते. तपासणीचा सगळा कारभार त्यांच्याकडे आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंची वही उचलून पाहिली.

“खणखणीत म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

“किती म्हणजे? खणखणीत म्हणजे खणखणीत, साहेब.”

“आकडा सांगा ना. माझ्या तक्त्यात शब्द बसत नाही. आणि शब्दकोशात बघितलं मी. मोठा, स्पष्ट आवाज, असं लिहिलंय. मोठ्याने तर सगळेच ड्रम वाजतात!”

बाईंनी त्यांना हातोडी दिली आणि टांगलेला ड्रम दाखवला. साहेबांनी टांगलेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ गेले ते लाकडी फळ्यांवर रचून ठेवलेल्या मालाकडे, आणि खाली टेकलेल्या ड्रमांवर ओळीने ठोके मारत सुटले. आता, टेकलेला ड्रम वाजेल कसा? घंटेला हात लावून धरा आणि वाजवा, तसलाच प्रकार. चांगले, वाईट, सगळे एकजात बद्द बोलले.

“बघा!” साहेब विजयाने म्हणाले. “तुमच्या हिशेबाने अख्खा कारखानाच भंगारात. या परीक्षेला काही अर्थ नाही.”

“अहो, तो टांगायचा असतो!” बाई ओरडल्याच. “हे इथला झाडूवालासुद्धा सांगेल तुम्हाला!”

ते त्यांना झोंबलं. शिकलेल्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नसते, हा नियम कुणी केला कोण जाणे, पण तो मोडल्याची शिक्षा लगेच मिळते. त्या दिवशी साठ ड्रम बसच्या डेपोला जायचे होते. त्यांतल्या चौदांवर बाईंनी खडूने फुली मारून वहीत बद्द लिहिलं होतं. साहेबांनी चौदाही फुल्या पुसायला लावल्या, ड्रमांना काळा रंग फासायला लावला आणि साठच्या साठ गाडीत चढवले. नव्या तक्त्यात आवाजाचा रकानाच नव्हता. बाईंना खोकी बांधायच्या कामावर पाठवलं. आजूबाजूचे सगळे मूग गिळून बसले. सव्वीस वर्षं ज्यांनी बाईंच्या डब्यातलं लोणचं खाल्लं, तेही!

घरी आल्या तेव्हा बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लेक शाळेत शिक्षिका. तिच्याकडचा जाडजूड शब्दकोश बाईंनी काढायला लावला. लेकीने वाचलं, “खणखणीत, मोठा व स्पष्ट.”

“कुणी लिहिलं हे? त्याने जन्मात हातोडी धरली होती का?”

“आई, त्या बिचाऱ्याला कशाला? तो काय तुझ्या कारखान्यात येणार होता?”

“यायचं होतं मग! एक दिवस यायचं होतं. अगं, त्या ब्रेकवर माणसं बसतात. तू बसतेस, मी बसते. उतारावर ड्रम फुटला तर कोश काढून वाचायचा का?”

लेकीने कोश मिटला आणि म्हणाली, “नोकरी जाईल हं.”

“खोकी बांधायची नोकरी? जाऊ दे.”

सकाळी बाई कारखान्यात गेल्याच नाहीत. पिशवीत स्वतःची हातोडी आणि धुण्याची जाड दोरी घालून थेट बस डेपोत जाऊन उभ्या राहिल्या. तिथले स्टोअरकीपर चष्मा कपाळावर चढवून आधी हसले, मग वैतागले, आणि बाई काही हलत नाहीत हे पाहून दोन माणसं देऊन मोकळे झाले. तुळईला दोरी बांधली. रंगाखाली फुल्या गेल्या होत्या, म्हणून एकेक ड्रम टांगायचा, एकेक ठोकायचा. तिसरा बद्द. नववा बद्द. दहाबारा झाल्यावर स्टोअरकीपरनाही फरक कळायला लागला आणि त्यांचा चष्मा नाकावर आला. दुपारपर्यंत सगळे संपले. बद्द निघाले तेरा.

“चौदा होते,” बाई म्हणाल्या.

“इथे अठ्ठावन्नच आहेत,” स्टोअरकीपर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. “दोन सकाळीच बसवले. ती काय, बाहेर उभी आहे गाडी. घाटातली आहे.”

गाडी भरली होती. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. स्टोअरकीपर धावत जाऊन पुढे आडवे उभे राहिले आणि सगळ्यांना खाली उतरवलं, तेव्हा जो गिल्ला झाला तो विचारू नका. एक आडदांड गृहस्थ तर बाईंच्या अंगावरच आले.

“कोण तुम्ही? कसल्या आवाजाबिवाजासाठी पन्नास माणसांचा खोळंबा? डोकं ठिकाणावर आहे का?”

बाईंनी चाकांकडे बोट दाखवलं. चाकं निघाली, ड्रम उतरले. पहिला टांगला. बाईंनी ठोका दिला आणि खण्ण करून तो इतका वेळ घुमत राहिला, की बडबडणारी माणसं आपोआप थांबली. मग दुसरा टांगला. बाईंनी हातोडी त्या गृहस्थांच्या हातात दिली.

“मारा.”

त्यांनी मारली. बद्द. त्यांना वाटलं, आपलाच ठोका हलका पडला. दात-ओठ खाऊन पुन्हा मारली. आवाज चौपट मोठा आला, डेपोभर गेला आणि तिथल्या तिथे मेला. गृहस्थांनी हळूच हातोडी खाली केली. त्यांची बायको पोराला कडेवर घेऊन त्या ड्रमकडे बघत राहिली होती.

स्टोअरकीपरनी कारखान्याला परत पाठवायच्या मालाचा कागद काढला. चौदा नग. पुढे छापलं होतं, ‘परतीचे कारण’. पेन टेकवून ते थांबले.

“बाई, इथे काय लिहू? साहेब लोकांना समजेल असं, नेमकं कसं लिहायचं?”

बाईंनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली.

“आत्ता ऐकलंत ना? तसंच लिहा.”