दादाचा अंगठा हलला

मंडळी, आत्ताच लातूरहून उदगीरला परतले. आजचं सांगते.

माझा मोठा भाऊ लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दिवाळीनंतर त्याला लकवा मारला आणि खडू धरायचा उजवा हात लुळा पडला. आज डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकाचे झटके दिले. हातात काही हालचाल होते का, ते बघायचं होतं.

टक्क आवाज झाला. हात तसाच. पुन्हा झटका दिला, तरी तसाच. वहिनीने मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाल्या, "सर, हात सैल सोडू नका. मूठ वळायला बघा."

"वळतच न्हाई, मॅडम."

"नाही वळली तरी चालेल. जोर लावा."

दादाने दात आवळून जोर लावला. टक्क झालं आणि अंगठा उडाला!

"आपण जोर लावला की मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत सहज पोचतो," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे रस्ता पूर्ण तुटलेला नाही. पण खडू धरता येईल का, ते आज नाही सांगता येणार."

वहिनी रडायला लागली. दादा अंगठ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "मॅडम, अजून एकदा करा."

तुमच्या घरी कुणाचा हात असा परत आलाय का? दादाला सांगायचंय.