तळमजल्यावरची नखवाली

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. दारावर पाटी नाही, पण सगळे त्यांना नखवाली म्हणतात. पुढच्या खोलीत टेबल, दिवा, दोन खुर्च्या आणि रंगांच्या बाटल्या. त्यांच्या ॲसिटोनचा उग्र वास जिन्याने चढत आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. मागच्या वर्षी त्या वासाबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार गेली. अर्जावर पहिली सही माझी. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो, की मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागते.

परवा संध्याकाळी त्यांनाच हाक मारायची वेळ आली.

मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होतं. सात आठवडे थांबून मिळालेली तारीख. हॉस्पिटलचा कागद मी सहाव्यांदा वाचत होते, तेव्हा कुठे ती ओळ डोळ्यांत शिरली: बोटांना नेलपॉलिश किंवा कृत्रिम नखं नसावीत. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला नखावरूनच लावतात. आणि माझ्या लेकीच्या दहाही बोटांवर मैत्रिणीच्या लग्नासाठी चिकटवलेली लांबलचक जांभळी नखं! त्याखालची ओळ आणखी वाईट होती. अंगावर जखम असल्यास कळवावे, ऑपरेशन पुढे ढकलावे लागेल.

मी एका नखाखाली सुरीचं टोक घातलं. "आई, दुखतंय!" ती किंचाळली. अनामिकेच्या नखाचा कोपरा वर आला आणि शेजारची कातडी लाल झाली. ॲसिटोन कोमट केलं की लवकर काम होतं, असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. घरातली नेलपॉलिश काढायची बाटली वाटीत ओतून मी ओट्याकडे निघाले.

"आता तरी खालच्या काकूंना बोलाव," मुलगी म्हणाली. "की अजून एक अर्ज करायचाय?"

काकू आपल्या सामानाचा डबा घेऊन वर आल्या. आधी मुलीचे हात बघतील असं वाटलं होतं, पण त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. ओट्यावर वाटी, शेजारी चहाचं आधण. त्यांनी खटकन गॅस बंद केला.

"हे भडकन पेट घेतं, बाई. नखं राहतील आणि घर जाईल." मग सगळ्या खिडक्या उघडल्या. "वास येतो ना तुम्हाला."

मी वाटी ओट्यावरून उचलून दूर ठेवली.

चष्मा लावून त्यांनी एकेक नख दिव्याखाली धरलं. "कुठून केलीस गं?"

"बाजारातल्या दुकानातून."

"लांब गेलीस. इथे दोन जिने उतरायचे होते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"ॲक्रिलिक आहे, विरघळेल," त्या म्हणाल्या. "काही प्रकार विरघळतच नाहीत, घासूनच काढावे लागतात. ते घरी करायचं काम नाही." आधी त्यांनी लांबी कापली. मग बारीक कानशीने वरची चकाकी घासली, खालच्या खऱ्या नखाला धक्का न लावता. भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन फासलं. कापसाचे बोळे ॲसिटोनमध्ये भिजवून नखांवर ठेवले आणि वरून चांदीसारखा कागद गुंडाळला. "आता वीस मिनिटं."

पाचव्या मिनिटाला मी एक गुंडाळी उचकटून बघितली.

"बघू नका हो. बघितल्याने सुटत नाही."

वेळ जावा म्हणून त्या बोलत राहिल्या. बारा वर्षं त्यांनी कवळ्या बनवायच्या कारखान्यात काढली होती. "माल जवळपास तोच. आधी दात करायचे, आता नखं करते. कवळीवाला माणूस तोंड झाकून जायचा. नखवाल्या हात नाचवत जातात. मला हेच बरं वाटतं."

त्यांची स्वतःची नखं आखूड, बिनरंगी होती. डाव्या अंगठ्याचं मात्र लाटालाटांचं, मधोमध चिरलेलं. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"पहिलंच नख होतं. स्वतःवर लावून बघितलं आणि घाईत ओढून काढलं. अकरा वर्षं झाली, सरळ उगवत नाही."

नऊ नखं लाकडी काडीच्या नुसत्या स्पर्शाने मऊ सालीसारखी निघाली. अनामिकेचं हटेना. मी म्हटलं, "थोडंसं ओढलं तर?" त्यांनी नवा बोळा बांधला. मग आणखी एकदा. साडेआठ वाजले, नऊ वाजले. मी हॉस्पिटलची पिशवी दोनदा रिकामी करून पुन्हा भरली.

शेवटी तेही सुटलं. त्यांनी मुलीचे हात धुऊन नखांना तेल चोळलं आणि बोट दिव्याखाली फिरवून बघितलं.

"कातडी फाटलेली दिसत नाही. पण सकाळी नर्सला स्वतःहून दाखवा. लपवू नका."

दारात मी म्हटलं, "ताई, त्या अर्जावरची माझी सही मी काढून घेते."

"कशाला? वास येतोच की." त्यांनी चपला घातल्या. "सही राहू दे. मला वास बाहेर फेकणारा पंखा बसवायला भाग पाडताय, तर पाडा. फक्त कागद धाडण्याआधी एकदा बेल वाजवायची होती."

सकाळी मी नर्सला अनामिका दाखवली. तिने दाबून बघितलं, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही दाबून बघितलं. "चालेल," ते म्हणाले. मुलीच्या फिकट, उघड्या नखावर चिमटा बसला, लाल दिवा लागला, पडद्यावर अठ्ठ्याण्णव आलं आणि तिला आत नेलं.

मग बाकावर बसून मी त्या बंद दाराकडे टक लावून राहिले. बघितल्याने उघडत नाही, हे आता ठाऊक होतं. तरी बघत होते.