सुंदराबाईंच्या हातातली सुई

सुंदराबाई रोग्याच्या तोंडाकडे आधी बघायच्याच नाहीत. आधी खाटेखालची बादली बघायच्या. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, खाटेला मधोमध भोक आणि त्याखाली बादली. वाकून बघायच्या आणि मला ओरडून सांगायच्या, “शिस्टर, हिचं लई गेलंय! जेवढं गेलं तेवढं भरा की, देवाचं नाव मागनं घ्या.” अक्षरओळख नाही, पण अंदाज डॉक्टरांपेक्षा पक्का.

देशोदेशी फिरून पटकी सोलापुरात शिरली, तेव्हा साथीच्या दवाखान्यातल्या बारा खाटा एका दिवसात भरल्या. मग एक शाळा ताब्यात घेतली, वर्गांत चाळीस खाटा टाकल्या आणि फाटकाला कुलूप घातलं. खाटा वाढल्या हो, हात कुठं वाढले? डॉक्टर दिवसातून एकदा यायचे. सलाइनची सुई लावायला मी एकटी, बाकी सगळ्याला आया सुंदराबाई. बदली माणूस येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, असा हुकूम. बदली काही येईना. नवी पेठेत घरी माझं चार महिन्यांचं पोर. चौथ्या दिवशी सासूबाईंचा निरोप आला, पोराला जुलाब लागलेत.

मेली ती नोकरी, म्हणत मी आवाराच्या मागच्या भिंतीला चढायला बाक लावला. सुंदराबाई मागोमाग आल्या. वाटलं, आता ही बया अडवणार.

“जावा की,” त्या म्हणाल्या, “आईनं जायालाच पायजे. पण आदी मला सुई लावाया शिकवा. चाळीस माणसं हायती हितं.”

आयाच्या हाती सुई देणं नियमाबाहेर. मी दिली. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा शीर सापडली. “गावली!” म्हणून खुदकन हसल्या. मग बाक त्यांनीच धरला.

पोर सावरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीवरूनच आत उतरले. एकही माणूस दगावला नव्हता. पण दारात पाहणीला आलेले साहेब उभे, आणि समोर सुंदराबाई एका म्हाताऱ्याला सुई लावत होत्या.

“कुणी शिकवलं?” साहेबांनी तीनदा विचारलं. माझ्याकडं न बघता त्यांनी सुईवर पट्टी चिकटवली. मी चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर माझीही भाकरी गेली असती. नाही उघडलं. त्यांना तिथल्या तिथं कामावरून काढलं. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

पदर खोचत त्या माझ्याजवळून गेल्या, तेव्हा हळूच म्हणाल्या, “पोरगं कसं हाय?”